चार नंबरच्या टेबलावरच्या वह्या

रोझान सोबझॅकच्या तक्रारीवरचा निकाल दीड पानात आटोपला होता. पाण्यातल्या शिशाचे साधे प्रमाण कळवायलाही तिची प्रयोगशाळा तीन पाने घेत असे.

अमेरिकेतल्या टोलीडो शहरातल्या त्या खाजगी प्रयोगशाळेत ती अकरा महिने चार नंबरच्या टेबलावर होती. नमुने ठेवायच्या थंड खोलीत विभागप्रमुख डेल हटन तिच्या मागोमाग येई. त्याचा हात पहिल्यांदा कमरेवर आला तेव्हा तिने तो अपघात मानला. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही, ही तिची शिस्त. पाचव्या वेळी त्याने दार आतून ओढून घेतले आणि तिला फळीशी दाबून धरले. मग शंकेला जागा उरली नाही.

वकीलबाई ग्रेटा ऑलमन यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "नोकरीला लागलीस त्या दिवशी कशाकशावर सही केलीस?"

"सही कसली? पडद्यावर 'मान्य' दाबत गेले. बेचाळीस पानं होती. सुट्ट्या, विमा, हातमोजे..."

"वाचलीस?"

"हातमोज्यांचं वाचलं."

"एकतिसाव्या पानावर तू कोर्टात जायचा हक्क सोडलायस, बाई. आता लवाद, बंद खोली आणि तोंडाला कुलूप."

बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय रोझान थेंबही ओतत नसे.

पुरावा मात्र तिने शोधला. तिथे प्रत्येक टेबलाची नोंदवही असे. पान फाडायचे नाही. चूक झाली तर एकच रेघ, खालचे वाचता येईल अशी, आणि शेजारी सही. माणूस नोकरी सोडताना उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारून सही करतो आणि साक्षीदार म्हणून विभागप्रमुख सही करतो. कपाटात तिला चार नंबरच्या जुन्या वह्या मिळाल्या: ११४, १३१, १५२. चार वर्षांत तीन बायका. तिन्ही वह्या अर्ध्या कामात थांबलेल्या. शेवटच्या सहीच्या जागी 'गैरहजर', खाली डेलची सही. तीन हा आकडा लहान, हे तिला मान्य होते. म्हणून तिने त्याच काळातल्या बाकी पाच टेबलांच्या वह्याही तपासल्या. तशी एकही सापडली नाही.

सुनावणी महामार्गालगतच्या एका हॉटेलातल्या खोलीत झाली. लवाद म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश.

"बिनसाखरेचीच ना, जज्जसाहेब?" कंपनीच्या वकिलाने कॉफी ओतत विचारले.

"अजून लक्षात आहे तुझ्या!"

"गेल्या वर्षी चारदा बसलो की आपण."

रोझान ग्रेटाबाईंच्या कानाशी वाकली. "सोयरे आहेत का हे?"

"त्याहून जवळचे. कंपनी जज्जसाहेबांचं गिऱ्हाईक आहे, फी तीच भरते."

वह्यांचा विषय निघाल्यावर लवादाने चष्मा काढला. "त्या बायकांचे काही वाद झालेच असतील, तर ते गोपनीय. मी ते विचारात घेऊ शकत नाही."

"मग आधी कुणी तक्रार केली होती का, हे मला कळणार कसं?" रोझानने विचारले.

"कळू नये म्हणूनच तर गोपनीय," तो म्हणाला. आवाजात दुष्टपणा अजिबात नव्हता.

निकालातले शेवटचे वाक्य असे होते: 'अशा स्वरूपाची अन्य तक्रार निदर्शनास आलेली नाही.'

डेल जागेवर राहिला, म्हणून रोझानने राजीनामा दिला. तिच्या शेवटच्या दिवशीच नवी मुलगी रुजू झाली. टॅरिन, वय बावीस, चार नंबरचे टेबल. सकाळी ती स्वागतकक्षात बसून पडद्यावर भराभर बोट आपटत होती. ग्रेटाबाईंनी बजावले होते, "तिच्यापाशी या खटल्याचा एक शब्द काढलास, तर ते तुझ्यावर दावा लावतील."

दुपारी रोझानने वहीत शेवटची नोंद केली: 'या टेबलाचे पूर्वीचे संदर्भ: वही ११४, १३१, १५२. शेवटची पाने पाहावीत.' खाली तिरकी रेघ, सही, तारीख.

साक्षीच्या सहीसाठी आलेल्या डेलने ते वाचले. "हे काय?"

"संदर्भ."

"फाड ते पान."

"सरकारी तपासनीस पानं मोजतो. तूच शिकवलंस."

"मग खोड."

"तू खोड. एकच रेघ, आणि शेजारी तुझी सही. का खोडलं, तेही लिहायचं."

त्याने पेन त्या ओळीवर नेले. मग त्याने साक्षीदाराच्या जागी सही केली आणि पेन खिशात ठेवून निघून गेला. नियमाप्रमाणे ती वही आता तीन महिने टेबलावरच राहणार होती.

चार वाजून वीस मिनिटांनी टॅरिन नमुन्यांची पेटी सांभाळत आली. "ताई, थंड खोली कुठेय? डेल म्हणाले, ते दाखवतील तिथे काय कुठे ठेवायचं ते."

"आधी टेबलावरची वही वाच."

"सगळी?" मुलगी हसली. "आज बेचाळीस पानं झालीत माझी!"

"शेवटचं पान. आजच."

"वाचते की. हे ठेवून आले की लगेच."

ती वळलीही. थंड खोलीच्या दाराशी डेल उभा होता. रोझानने घड्याळ पाहिले. पाचपर्यंत ती नोकरीत होती, चाळीस मिनिटे. तिने पेटीचे दुसरे टोक धरले.

"थांब," ती म्हणाली, "मीही येते."