तिसऱ्या खाचेवरचा हर्डल

मी एक जुना हर्डल आहे. हो मित्रांनो, पळणाऱ्यांच्या वाटेत आडवा उभा राहून बोलणी खाणारा तोच मी! लोखंडी पाय, वर पांढरी-काळी फळी आणि उंची कमी-जास्त करायला चार खाचा. एका वेल्डरकाकांनी मला जोडलं आणि मी या शाळेच्या मैदानावर आलो.

आमचं नशीब मोठं विचित्र. चांगले खेळाडू आम्हाला शिवतसुद्धा नाहीत. ते वरून निघून जातात, टाळ्या पुढे शेवटच्या रेषेवर वाजतात आणि आम्ही मागे एकटे.

सगळ्यांत सुंदर उडी टिटवीची. लांब काटकुळे पाय, म्हणून ते नाव. ती तिसऱ्या खाचेवरून सहज जायची. एक दिवस ती आलीच नाही. रक्ताचा कर्करोग झालाय, असं मुली कुजबुजल्या. तिच्यामागे हर्डल्स कुणी पळेना. मग आमची रवानगी खेळाच्या खोलीत. दोन वर्षं! सोबतीला एक फुटका फुटबॉल आणि एक कोळी. तोही स्वतःच्याच कामात.

मग एका सकाळी दार उघडलं. डोक्यावर टोपी, गालफडं बसलेली. मी ओळखलंच नाही. पण तिने पूर्वीसारखीच माझी धूळ बाहीने पुसली आणि मी ओळखलं. टिटवी!

खेळाच्या सरांनी मला सगळ्यांत खालच्या खाचेवर लावलं.

"सर, ही बालवाडीची उंची आहे!"

"मग घाल बालवाडीत नाव."

ती हसली, धावली आणि माझ्यासकट आडवी झाली. पायरीवर बसलेली तिची आई ताडकन उठली. "बास गं बाई. जीव वाचला, तेवढं पुरे."

"आई, वाचवलेला जीव काय शोकेसमध्ये ठेवायचाय?"

महिनाभर ती मला पाडायची आणि स्वतःच उचलायची. दुसरी खाच जमली, तिसरी काही केल्या जमेना. मग एकदा गेली की वरून! सगळ्या मुली किंचाळल्या. ती मात्र मागे आली, वाकली आणि खाचा मोजल्या. ती यायच्या आधीच सरांनी मला गुपचूप दुसरीवर उतरवलं होतं.

"सर, मी आजारी होते, आंधळी नव्हते."

"चुकलो, बाळ," सर म्हणाले.

तिने स्वतः मला तिसरीवर चढवलं. पाच वेळा पाडलं. सहाव्यांदा फळीवरून नुसता वारा गेला! पुढे मुली तिला बिलगल्या, आईसुद्धा चपला विसरून धावली. मी पुन्हा एकटा. पण मित्रांनो, एकटं राहण्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, दम लागतो म्हणून कायम पायरीवर बसणारी एक मुलगी पुढे आली. "ताई, मला जमेल?"

"माहीत नाही गं," टिटवी म्हणाली. "पाडून तर बघ!"

तेव्हा मित्रांनो, आजारातून उठलेल्या कुणासाठी गुपचूप उंची कमी करू नका. "किती ठेवू?" असं त्यालाच विचारा. आणि घरी जाताना मैदानात आडवा पडलेला एखादा हर्डल दिसला, तर उभा करून जा. पडल्या पडल्या सगळ्यांची पाठमोरी पावलं मोजणं फार एकटं असतं हो.