मागच्या सीटचा जोर

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. पण मला सीट दोन, पायडलांच्या जोड्या दोन आणि हँडलंही दोन. मला पाहणारे आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "एक चक्कर मारू का?"

माझे मालक शिंपी. त्यांना सायकलींचा भारी नाद. दुकानामागच्या खोलीत भिंतीला सायकलीच सायकली टांगलेल्या असत. शर्यतीची सडपातळ, दूधवाल्याकडून आणलेली दणकट, घडी होणारी एक. मालकीणबाई त्यांना "माझ्या सवती" म्हणत. मला मात्र कधीच नाही, कारण माझा जन्मच बाईंसाठी झाला. दोन मोडक्या सायकली घेऊन मालक वेल्डरकडे गेले आणि म्हणाले, "रविवारी मी भटकतो आणि ही घरी बसते. या दोघींची एक करून दे." वेल्डरनं डोकं खाजवलं आणि मला घडवलं.

तेव्हापासून दर रविवारी आमची स्वारी निघायची. मालक पुढे, बाई मागे आणि शेजारून त्यांची मुलगी आपल्या छोट्या सायकलची घंटी वाजवत. माझी एक गंमत सांगते. माझी पुढची आणि मागची पायडलं एका चेननं जोडलेली आहेत. पुढची फिरली की मागची फिरणारच, तुम्ही जोर लावा वा नका लावू. त्यामुळे पाण्याच्या टाकीचा चढ आला की मालक धापा टाकत ओरडायचे, "अगं, जोर लाव की! नुसते पाय फिरवतेस!"

"लावतेय हो!" बाई म्हणायच्या.

मालकांना ते काही पटायचं नाही. मला मात्र सारं कळायचं. तो चढ बहुतेक वेळा बाईच मला चढवायच्या. पण मी सांगणार कशी? कुरकुर केली की मालक तेल घालायचे.

पुढे मालकांच्या डोळ्यांसमोर धुकं दाटू लागलं. आधी सुईत दोरा जाईना, मग एकदा ते शर्यतीच्या सायकलसकट थेट कुंपणात शिरले. गेलेली नजर परत येणार नाही, आता सायकल बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी मालक आम्हां सगळ्यांवरून हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. मग एकेक सायकल त्यांनी देऊन टाकली. शर्यतीची मुलीनं नेली, दणकट पाववाल्याकडे गेली. मला मागायला कोणी आलं नाही.

वेल्डर म्हणाला, "हिला कापून परत दोन करू का?" माझ्या तर चाकांतली हवाच गेली.

"कापायची नाही," बाई म्हणाल्या. "रविवारी पुढे मी बसते."

"तू? तुला हँडल झेपेल?"

"इतकी वर्षं तुमची पाठ बघितली. आता जरा रस्ता बघू द्या."

पहिल्या दिवशी आम्ही रस्ताभर नागमोडी गेलो. माझं मागचं हँडल वळत नाही, ते नुसतं धरायला असतं. मालकांनी ते असं आवळलं, की उपटूनच काढतात असं मला वाटलं. बाई सांगत होत्या, "खड्डा आहे... डावीकडे वळतेय... पुढे कुत्रं आहे, पण झोपलंय." हळूहळू मालकांची मूठ सैल झाली. टाकीचा चढ आला, तेव्हा त्यांनी जीव खाऊन जोर लावला.

"अहो, जोर लावा की!" बाई ओरडल्या. "नुसते पाय फिरवताय!"

"लावतोय गं!" मालक म्हणाले. टाकीपाशी पोचल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तूही लावायचीस ना?"

"मग काय तर!"

दोघंही पोट धरून हसले आणि मला वाटलं, माझ्या जन्माचं सोनं झालं.

मित्रांनो, आता भिंतीवर कोणी नाही. मी दाराशीच उभी असते, कारण मला रोज बाहेर काढतात. वेल्डरची, मालकांची आणि सगळ्यांत जास्त बाईंची मी ऋणी आहे. तुम्ही चेनला तेल घाला, टायरमध्ये हवा भरा. आणि चढावर दमलात, तर मागच्यावर ओरडू नका. त्याचे पाय तुम्हाला दिसत नाहीत, इतकंच.