कोंडूची खूण

"बाबा, रविवारी भंते तुम्हाला विचारतील. हो म्हणाल ना?"

धम्मदिनाने हे तिसऱ्यांदा विचारलं. कोंडूने भाकरीचा तुकडा मोडला, वालाच्या आमटीत बुडवला आणि फार मन लावून खाल्ला. मग कानाला हात लावून म्हणाला, "लूमनी कान खाल्ले गो माझे. काय आयकायला येत न्हाय."

"सुकट वाढू का?" द्रौपदीने ओट्याकडे तोंड करून, अगदी हळू विचारलं.

"वाढ."

धम्मदिनाच्या भावाला, रवींद्रला, ताटातच हसू फुटलं. धम्मदिनाला मात्र हसू आलं नाही. तिचं मंगळवारचं विमान होतं.

कोंडूचे कान लूमने खाल्ले होते, ही गोष्ट खरीच. धामणकर नाक्यामागच्या यंत्रमागाच्या कारखान्यात माणसाने अडतीस वर्षं काढली की कान जायचेच. पण ते किती गेले आणि कोणत्या वेळी जातात, हे त्याचं त्यालाच ठाऊक. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात. बहिरेपणाचं सोंग त्याहून सोयीचं, कारण डोळे उघडे ठेवून जेवताही येतं.

खारबावच्या बौद्धवाड्यातली ही सव्वीस वर्षांची पोरगी हंगेरीला निघाली होती. त्या देशाचं नाव वाड्यात अजून कुणाला धड घेता येत नव्हतं. तिथल्या एका खेड्यात रोमा, म्हणजे जिप्सी लोकांची वस्ती आहे, त्यांच्यातल्या काहींनी धम्म स्वीकारलाय, त्यांच्या मुलांना शिकवायला आणि धम्म सांगायला कुणीतरी हवंय, असं भंतेंकडून कळलं आणि हिने लगेच हात वर केला. वाड्यातल्या विहारात ती सहा वर्षं संध्याकाळचा वर्ग घेत होती, शिकवण्याची सवय होतीच. तिने मोबाइलवर त्या वस्तीचे फोटो दाखवले तेव्हा द्रौपदी बराच वेळ बघत राहिली.

"ही घरं गावाच्या भायेर दिसतात गो."

"बाहेरच आहेत, आई. नाल्याच्या पलीकडे."

"म्हंजे तिथंबी तसंच," द्रौपदी म्हणाली आणि त्या दिवसापासून ती लेकीच्या बाजूची झाली.

अडलं होतं ते कोंडूपाशी. धम्मदिना जाणार होती ती श्रामणेरी, म्हणजे नवदीक्षित भिक्खुणी होऊन, केस उतरवून, चीवर घालून. आणि आई-वडिलांनी दोघांनी संमती दिल्याशिवाय भंते दीक्षा देत नाहीत. हा नियम फार जुना आहे, त्यात सूट नाही. कोंडूने नाही म्हटलं असतं तर निदान भांडता आलं असतं. तो काहीच म्हणत नव्हता.

शनिवारी दुपारी घरात कुणी नसताना द्रौपदीने त्याला गाठलं. "पोरीचा जीव टांगणीला लावलाय तुमी. काय हाय मनात ते बोला तरी."

कोंडू उंबऱ्यावर बसून नखाने पायाची माती खरवडत होता. तो वर न बघता म्हणाला, "न्हाय म्हणायला तोंड होत न्हाय. एवढी शिकली, चांगल्या कामाला चाललीय. आन् हो म्हटलं की ती गेली. मंग ती माझी पोर राहील का? घरात निजायला येल का? मना भीती वाटते गं. त्यापेक्षा कान गेलेले बरे."

द्रौपदी त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसली.

कोंडूचं काम काय होतं, ते इथे सांगायला हवं. लूमच्या मागे ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताचा मोठा रूळ असतो, त्याला बीम म्हणतात. बीम संपला की नवा चढवायचा आणि जुन्या सुताच्या टोकाला नव्या सुताचं टोक गाठ मारून जोडायचं. एका बीमला दोन-तीन हजार गाठी. कोंडू मागे वाकून, यंत्रात कोपरापर्यंत हात घालून गाठी मारायचा. पुढच्या बाजूला लूम चालवणारा शकूर हँडल धरून उभा. त्या धडधडाटात ओरडून काही उपयोग नसे, सगळं खुणांवर चाले. शकूर मूठ पुढे ढकलल्यासारखी करून भुवया उडवायचा: चालू करू? कोंडू दोन्ही हात बाहेर काढून, बोटं पसरून वर दाखवायचा आणि मग मान हलवायचा. हात बाहेर आहेत, कर चालू.

एकदाच, धम्मदिनाच्या जन्माआधी, एका नवख्या कारागिराने खुणेची वाट पाहिली नव्हती. कोंडूच्या डाव्या तर्जनीचं पेर तेव्हा गेलं. त्यानंतर त्याने एक नेम केला. कुणी खुणेने विचारलं की उत्तर द्यायचंच. ताप असो, भांडण असो, उत्तर राहता कामा नये.

सुट्टीच्या दिवसांत धम्मदिना त्याचा डबा घेऊन कारखान्यात यायची आणि सुताच्या गोण्यांवर बसून या खुणा शिकायची. घरी आल्यावर बापलेक जेवताना खुणांनीच बोलत आणि द्रौपदी दोघांवर चिडे.

रविवारी विहार भरून गेला. वंदना झाली. पुढे पांढऱ्या साडीत धम्मदिना बसली होती, केस मोकळे सोडलेले. वस्तरा आणि पाण्याचं भांडं तयार होतं. भंतेंनी आधी द्रौपदीला विचारलं.

"माझी संमती हाय," ती उभी राहून म्हणाली.

"कोंडूदादा, तुमची लेक घर सोडून धम्माच्या कामाला जात आहे. तुमची संमती आहे?"

कोंडू समोर बघत राहिला. हात मांडीखाली दाबलेले. भंतेंनी जरा मोठ्याने पुन्हा विचारलं. रवींद्रने त्याच्या कानाला लागून ओरडून सांगितलं, तशी मागच्या बायका हसल्या. कोंडूच्या तोंडावरची रेषही हलली नाही.

"तिसऱ्यांदा विचारतो," भंते शांतपणे म्हणाले. "तुमच्या होकाराशिवाय मला पुढे जाता येणार नाही."

तिसऱ्यांदा विचारूनही झालं. आता कुणी हसेना. भंतेंनी पाण्याचं भांडं हळूच बाजूला सरकवलं.

धम्मदिना उठून उभी राहिली. रडली नाही, हात जोडले नाहीत. बापाच्या डोळ्यांत बघत तिने उजवी मूठ पुढे ढकलल्यासारखी केली आणि भुवया उडवल्या.

चालू करू?

कोंडूची नजर त्या मुठीवर खिळली. मग त्याने मांडीखालचे हात ओढून काढले, बोटं पसरली, साडेनऊ बोटं, आणि सगळ्या विहाराला दिसतील अशी डोक्याच्या वर धरली. त्याने मान हलवली.

"काय म्हणाले?" भंतेंनी विचारलं.

अश्रू पुसून धम्मदिना म्हणाली, "हात बाहेर आहेत म्हणाले, भंते. चालू करा."

भंतेंनी भांडं परत जवळ घेतलं.

केस जमिनीवर पडू द्यायचे नसतात, म्हणून आई-वडिलांनी पांढरं कापड धरायचं असतं. एक बाजू द्रौपदीने धरली, दुसरी कोंडूने. वस्तरा फिरू लागला. एक लांब केस कापडाबाहेर पडला, तो कोंडूने चिमटीत अलगद उचलला आणि बाकीच्यांशेजारी सरळ ठेवला.

मान खाली असताना धम्मदिना ओठांतल्या ओठांत बोलली. शेजारच्या द्रौपदीलाही ते ऐकू गेलं नाही.

"बाबा, जेवण वेळेवर करत जा."

"आयकलं," कोंडू म्हणाला.