परत येणाऱ्या पेट्या

“मामा, दुपारपर्यंत या सगळ्या पेट्या बॉयलरला गेल्या पाहिजेत. तीन वाजता बाई येतायत,” घड्याळ बघत मॅनेजरसाहेब म्हणाले.

सुतारमामांचा पाना हातातच राहिला. पंपांच्या या कारखान्यात पंप भरायच्या लाकडी पेट्या ते तेवीस वर्षं करत होते. बाई म्हणजे पंप घेणाऱ्या मोठ्या कंपनीच्या तपासनीस. माल पाठवताना निसर्गाची किती नासाडी होते, ते बघायला त्या येणार होत्या. त्यांच्यावर छाप पडावी म्हणून साहेबांनी हिरवं पान छापलेली पुठ्ठ्याची कोरी खोकी मागवली होती. त्या खोक्यांपुढे मामांच्या पेट्या अगदीच कळकट दिसत होत्या.

“साहेब, चांगल्या आहेत हो अजून.”

“अवतार बघा त्यांचा! आणि तुम्हीही महिनाअखेर सुटताय. कशाला जीव अडकवता?”

पण जीव अडकला होता खरा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मामा एकदा मालाबरोबर ट्रकनं त्या मोठ्या कंपनीत गेले होते. तिथल्या आवारात हमाल त्यांच्याच हातच्या पेट्या फोडून, पेटवून शेकत बसले होते. परत आल्यावर त्यांनी खिळ्यांचा डबा फळीवर ठेवून दिला तो कायमचा. तेव्हापासून त्यांची पेटी बोल्टची. पलीकडच्या स्टोअरकीपरनं पंप काढून घ्यायचे, बोल्ट सोडवून डब्यात टाकायचे आणि सुट्या फळ्या रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये रचून द्यायच्या. पेटी परत आली की झाकणाच्या आतल्या बाजूला मामा पटाशीनं एक खाच मारत.

त्या स्टोअरकीपरची नि त्यांची कधी भेट झाली नव्हती. ओळख होती ती खडूची. फळीवर तो लिहून पाठवी, “डावा कोपरा हलतोय.” मामा कोपरा पक्का करून खाली लिहीत, “आता बघा.” घरी बायको म्हणे, “न पाहिलेल्या माणसाचे कोपरे बरे वेळेवर दुरुस्त होतात! इथं कपाटाला दार नाही, पाच वर्षं झाली.” मामा हसून वेळ मारून नेत.

साहेबांचा हुकूम मोडणं मामांच्या स्वभावात नव्हतं. “घ्या रे, बॉयलरला द्यायच्यात,” असं हमालांना सांगून ते भिंतीकडे तोंड करून बसले. घणाचा पहिला दणका ऐकायला त्यांनी मन घट्ट केलं होतं.

दणका आलाच नाही. तीन वाजता साहेब बाईंना घेऊन आले, तेव्हा हमालांनी एकेक बोल्ट सोडवून डब्यात भरला होता आणि चाळीस पेट्यांच्या फळ्यांच्या नीट चवडी लावल्या होत्या. बॉयलरपर्यंत एक ढलपीही पोचली नव्हती.

“अरे, फोडायच्या होत्या ना!” साहेब दात आवळून म्हणाले.

हमालांचा मुकादम डोकं खाजवायला लागला. “फोडायला घेतल्या होत्या, साहेब. पण पेटी समोर आली की हात आपसूक पान्याकडेच जातो. आमच्या ध्यानातच आलं नाही.”

बाई चवडीपाशी वाकल्या. एका झाकणावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, “या खाचा कसल्या?”

“फेऱ्या आहेत,” मामा म्हणाले.

बाई मोजत बसल्या. ब्याण्णववर थांबल्या. मग पान छापलेल्या खोक्याकडे वळून म्हणाल्या, “आणि हे किती फेऱ्या करतं?”

साहेबांनी घाम पुसायला रुमाल काढला.

पेट्या वाचल्या. मामांना त्याबद्दल मानपत्र वगैरे काही मिळालं नाही, आणि मिळालं असतं तर त्यांनी ते ठेवलं कुठे असतं कोण जाणे. निसर्ग वाचवण्याच्या गोष्टी त्यांनी कधी केल्या नाहीत. वस्तू वाया गेलेली त्यांना बघवत नसे, इतकंच. अशी माणसं कुठल्याही कारखान्यात असतात आणि आपण त्यांच्या पाया पडायला हवं.

महिनाअखेरीला मामांनी शेवटची पेटी भरली आणि झाकणाच्या आत खडूनं लिहिलं, “आता दुसरा माणूस येईल. नवा आहे, सांभाळून घ्या.”

तीन आठवड्यांनी मुकादम तेच झाकण घेऊन घरी आला. “तडकलंय, मामा. नव्या सुतारानं दुसरं बसवलं. हे तुमच्याकडेच असू दे.”

मामांच्या अक्षराखाली ओळखीचं अक्षर होतं. “बोल्ट सगळे मोजून पाठवलेत. एकदा भेटायला हवं होतं.”

मामांचे डोळे भरून आले. दुपारी त्यांनी तडा सांधला, बिजागऱ्या लावल्या आणि ते झाकण कपाटाला दार म्हणून बसवलं, खाचांची बाजू बाहेर ठेवून. बायको फडकं घेऊन आली. तिनं दार वरपासून खालपर्यंत लख्ख पुसलं, खडूची अक्षरं तेवढी सोडून.