माझ्या पाठीवरची हेल्गा

मी एक जुना छापायचा दगड आहे. मित्रांनो, जन्माने मी जर्मनीचा. तिथल्या खाणीतून निघालो आणि आगबोटीने, रेल्वेने, शेवटी छकड्याने मलकापूरच्या एका छापखान्यात येऊन पडलो. माझ्यावर तेलकट खडूने चित्र काढत, छापत, आणि काम झालं की वाळू-पाणी टाकून मला घासून कोरा करत. अंग सोलून निघायचं, पण तक्रार नव्हती.

चित्रं काढायला एर्विनसाहेब होते. तेही जर्मनीचेच, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आलेले. लढाईत इंग्रज सरकारने त्यांना शत्रू म्हणून छावणीत कोंडलं. तिकडे जर्मनीत बॉम्ब पडून त्यांची बायको आणि सात वर्षांची हेल्गा गेली. एक फोटोसुद्धा उरला नाही. साहेब फार प्यायचे, महिना महिना काम टाकून बसायचे. पण हातात खडू आला की बिडीच्या लेबलावरचा वाघही गुरगुरेल असं वाटे.

बासष्ट साली त्यांनी माझ्यावर हेल्गा काढायला घेतली. तिचा चेहरा आपण विसरत चाललो, ही एकच धास्ती. चार महिने बाटलीला शिवले नाहीत. चित्र पुरं झालं, डिंक लावला आणि रीतीप्रमाणे वरचा काळा रंग टर्पेंटाइनने पुसला. असा पुसला की दगड कोरा दिसतो, पण चित्र आत मुरलेलं असतं; शाईचा रूळ फिरवला की पुन्हा उमटतं. मग चांगला कागद आणायला साहेब एसटीने खामगावला गेले.

दुपारी मालक उत्तमराव आले. लेबलांची घाई होती. दगड घासणाऱ्या पुंजाजीला म्हणाले,

"पुंजाजी, हा दगड घास."

"मालक, याच्यावर साहेबाची पोरगी हाये."

"कुठं हाये? मले तं दिसून नाही राह्यली." तीस वर्षं छापखाना चालवलेला माणूस हसत म्हणाला. "तुले उद्या कामावर यायचं हाये ना बे?"

पुंजाजीने वाळू टाकली. मी काय बोलणार? दगडच मेला मी.

संध्याकाळी साहेबांनी पाणी लावून माझ्यावर रूळ फिरवला. एकदा, दहादा. पुंजाजी रडायला लागला तेव्हा त्यांना कळलं.

"पुन्हा काढा ना साहेब," तो म्हणाला.

"दगडावर उतरली म्हणून तं मनातून सोडली रे. आता मले तिचं नाक आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्यावर लेबलाचा कोंबडा काढला. उत्तमरावांनी चारचौघांत वाहवा केली. साहेब पुढचा पोळा काही पाहू शकले नाहीत. आता छापखान्याच्या मागच्या अंगणात धुणंवाली शालूबाई माझ्यावर धुणं आपटते.

मित्रांनो, कोरं दिसलं तरी हात चालवण्याआधी एकदा विचारत जा. पण उत्तमरावांना विचारायची गरजच नव्हती, त्यांना सगळं माहीत होतं. तसल्या माणसाला काय सांगावं, ते मला अजून सुचलेलं नाही.