पप्पूचं ताट

अमरसिंहांनी मोबाइल वर्गासमोर धरला आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सावकाश फिरवला. फोटोत एक ताट होतं, एक मग आणि एक चमचा. तिन्हींवर चिकटपट्टी लावून इंग्रजीत पप्पूचं नाव लिहिलेलं. भांडी सिंकखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी ठेवलेली होती.

"हे माझ्या पोराचं ताट," ते म्हणाले. "मेलबर्नला. घरमालकीण म्हणती, तुमच्या लोकांचा वास मारतो, तुमची भांडी आमच्यात मिसळायची न्हाईत. शिकायला गेलाय त्यो, भीक मागायला न्हाई. वेगळं ताट? माणूस हाय का जनावर?"

त्यांनी खिशातला रुमाल काढून डोळे पुसले. सातवीची मुलं बघत राहिली, कारण शाळा समितीच्या अध्यक्षांना आजवर त्यांनी फक्त ओरडताना पाहिलं होतं.

वनमालाबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. हा सगळा विषय अमरसिंहांच्याच आग्रहाने शाळेत आला होता. पंधरा दिवसांपूर्वी पप्पूचा फोन आला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी शाळा गाठली. पोरांना रंगभेद शिकवा, म्हणाले. पुस्तकात दोन परिच्छेद हायेत, तेवढ्यानं भागत न्हाई, पार मुळापासून शिकवा. मुख्याध्यापक परमेश्वर सरांनी वाक्य संपायच्या आत मान डोलावली होती. वनमालाबाईंनी मात्र मनापासून शिकवलं. जहाजात कोंबून विकायला नेलेली माणसं, बसमधल्या वेगळ्या जागा, बागेतले वेगळे बाक. नदीची लांबी आपण मुलांकडून पाठ करून घेतो, आणि त्या नदीचं पाणी कुणाला पिऊ दिलं नाही हे सांगत नाही, याची त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षापासून चीड होती. परदेशातलं शिकवून झालं की गावातलं आपोआप निघेल, असा त्यांचा होरा होता.

ते निघालं. खालच्या वस्तीतली वर्षाराणी उभी राहिली.

"अण्णा, मंग पप्पूदादाला ते ताट सोताच घासून उपडं ठेवावं लागतंय का?"

"मंग? त्यालाच की."

"आन चहा वरून वततेत का? मगाला किटली लागू न देता?"

"ते न्हाई इचारलं मी. कावून गं?"

"आईला तुमच्या मळ्यात तसंच हाय म्हणून इचारलं. खुरपायला आली की तिचं ताट गोठ्याच्या वळचणीला असतंय. तिला पण लई वाईट वाटतंय, अण्णा."

यात टोमणा नव्हता. घरात तेच दुखणं असलेल्या माणसाने दुसऱ्या घरची चौकशी करावी तसं ती विचारत होती. पहिल्या बाकावर अमरसिंहांची धाकटी सायली बसली होती. तिनेही निरागसपणे मान हलवली.

"हो अण्णा, ते कडेला चेपलेलं ताट."

अमरसिंहांनी मोबाइल खिशात टाकला आणि ते वर्गाबाहेर पडले.

ऑफिसात चहा आला तोवर त्यांचे डोळे कोरडे झाले होते.

"मी काय शिकवा म्हणलो, आन तुमी काय शिकवलं?"

"तुम्ही सांगितलं तेच, अण्णा," वनमालाबाई म्हणाल्या.

"ते गोऱ्यांचं निराळं. त्येंच्यात माज हाय. आपल्यात जुनी रीत हाय, कुणी कुणाला मारीत न्हाई का हाणीत न्हाई. उद्या त्या पोरीनं सगळ्या वर्गाम्होरं वाचून दाखवायचं, की मी खोटं बोलले. लिहून घ्या तिच्याकडून."

परमेश्वर सरांनी ड्रॉवर उघडून कोरा कागद काढलासुद्धा. "दोन ओळींचा तर प्रश्न आहे, बाई. लहान लेकरू आहे, विसरून जाईल."

वनमालाबाई कागदाला शिवल्या नाहीत. तेव्हा अमरसिंहांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"बाई, तुमी आपल्यातल्या. नांदूरघाटच्या चांगल्या घरच्या. तुमाला हे सांगावं लागतंय व्हय?"

त्या 'आपल्यातल्या'ने वनमालाबाईंना शिसारी आली. घामेजला हात कुणीतरी पाठीवर ठेवावा आणि काढू नये, तसं वाटलं. मघाचं रडणं खोटं असतं तर एक वेळ चाललं असतं. ते खरं होतं, याचीच त्यांना किळस येत होती. हा माणूस एका ताटासाठी खरोखर रडू शकत होता आणि दुसरं ताट गोठ्यात ठेवू शकत होता, आणि या दोन गोष्टींची त्याच्या डोक्यात कधी गाठच पडत नव्हती. समोरचा चहा त्यांनी बाजूला सारला.

"मी लेकराकडून खोटं लिहून घेणार नाही," त्या म्हणाल्या. "हवी तर माझी बदली करा."

"बदली लांबचं काम हाय," अमरसिंह शांतपणे म्हणाले. "तिची आजी हितं खिचडी शिजवती ना? साखराबाई? तिला काम समितीनं दिलंय. पोरं तिच्या हातचं खात न्हाईत, निम्मी डबा आणतेत. चव न्हाई, म्हणतेत. तक्रारी हायेत. काढून टाकू की."

बोलण्यातला मतलब सरळ होता. नात माफी मागेल, नाहीतर आजी घरी बसेल. पण वनमालाबाईंना उलट बरं वाटलं, कारण या एका गोष्टीचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं.

"चवीची तक्रार? सर, मुलांना वाढायच्या आधी रोज शिक्षक चव घेतात आणि वहीत शेरा लिहून सही करतात. साखराबाई जूनमध्ये कामाला लागली, तेव्हापासून रोजचा शेरा माझा आहे. एकदाही वाईट लिहिलेलं नाही. त्या वहीपुढे कुणाची तक्रार टिकते तेच बघू."

"आणा मग वही," परमेश्वर सर कागद ड्रॉवरमध्ये सरकवत म्हणाले. त्यांनाही सुटल्यासारखं झालं होतं.

वनमालाबाई ताठ मानेने पटांगण ओलांडून पत्र्याच्या स्वयंपाकघराकडे गेल्या. आत साखराबाई चुलीपुढे बसली होती. पातेल्यातलं पाणी नुकतंच उकळायला लागलं होतं. वर्षाराणी दारात ताटल्या पुसत होती. तिला वर्गातून काढून लावलं होतं की ती आपणहून आली होती, हे विचारायचं बाईंनी टाळलं. त्यांनी खुंटीवरची वही काढली आणि पुरावा नीट आहे ना, म्हणून उभ्या उभ्याच चाळली.

सुरुवातीची पानं गेल्या वर्षीची होती. तेव्हा विमलबाई शिजवायच्या, अमरसिंहांच्या भावकीतल्या. अक्षर वनमालाबाईंचंच. 'मीठ थोडं कमी.' 'आज तिखट जास्त, पहिलीच्या मुलांना सोसणार नाही.' 'मटकी कच्ची राहिली.' 'फोडणी छान.' मग जून उजाडला. 'चव चांगली.' खाली 'चव चांगली.' त्याच्या खाली 'चव चांगली.' पान उलटलं तरी तेच, एकाखाली एक, वळण तेच, पेनही बहुधा तेच. जूनपासून एकदाही मीठ कमी नाही, की जास्त नाही.

त्यांनी वही मिटायला हवी होती. पण वर्षाराणी ताटली पुसत पुसत शेजारी येऊन वाचायला लागली होती.

"बाई, हे कालचं हाय ना?" तिने बोट ठेवलं. "काल तर खिचडीत मीठ घालायचंच ऱ्हायलं हुतं. पोरांनी टाकून दिली. मंग तुमी..."

"गप गं," साखराबाई चुलीकडे बघतच म्हणाली. "बाईंना पित्ताचा तरास हाय. त्येंना हितलं सोसत न्हाई."

बाईंनी पित्ताचं तिला कधी सांगितलं होतं ते त्यांना आठवेना. सांगितलं असेल, जूनमध्येच कधीतरी. किंवा सांगितलंच नसेल, आणि म्हातारीने स्वतःच ते कारण शोधून त्यांच्यासाठी जपून ठेवलं असेल. तोंडाला खरोखरच कडू पाणी सुटलं. मघाशी खुर्ची जवळ ओढून बसलेला माणूस त्यांना आठवला, त्याचा तो खाली आणलेला आवाज आठवला, आणि आपल्या अंगाचीच घाण वाटली. वर्षाराणी पुसलेल्या ताटल्या एकीवर एक रचत गेली.

"वही सापडली का बाई?" ऑफिसच्या दारातून परमेश्वर सरांची हाक आली. "अण्णा थांबलेत!"

साखराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. फळीवरचं पेन घेऊन तिने ते पदराला पुसलं आणि लांबूनच, बाईंच्या हाताला हात लागणार नाही अशा बेताने, वहीवर ठेवलं.

"तांदूळ अजून टाकायचा हाय," ती म्हणाली. "पण तुमी आजची सही करून टाका, बाई. रोजच्यासारखी."