शिफ्ट

"आजी, डॉक्टरांनी लिहून दिलंय. पेशंटला मुंबईला शिफ्ट करा," महाडच्या दवाखान्यातली नर्स श्रुतिका म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली.

चंद्रभागेने मान हलवली. अर्थ विचारायची तिला गरज नव्हती. पोरींना सासू छळते, तसं तिला जन्मभर या एका इंग्रजी शब्दाने छळलं होतं.

लग्न होऊन ती पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत आली, तेव्हा नवरा भिकू महाडच्या कंपनीत नुकता लागला होता. तेव्हा शिफ्ट म्हणजे रात्री झाकून ठेवलेली भाकरी आणि भरदिवसा घोरणारा नवरा. पुढे म्हातारपणी ऐन पावसात डोंगराला भेग पडली आणि साहेब लोक चिखल तुडवत सांगायला आले, वाडी शिफ्ट करायची. या खेपेला शिफ्ट म्हणजे हायवेजवळची पत्र्याची शेड. तात्पुरती म्हणाले होते. त्या शेडीत जन्मलेली पोरं आता अंगणवाडीत जातात.

तिने मुंबईला दीपकला फोन लावला.

"आये, आमचीच खोली शिफ्ट करायची हाय. बाबांना ठेवू कुठं, तूच सांग," मुलगा म्हणाला. "आता नाइट शिफ्टला निघालोय. उद्या बोलतो."

तिला त्याचा रागही आला नाही, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

खाटेवर भिकूचं एकच पालुपद चाललं होतं. "मला घरी ने गो."

"शेडीत?"

"शेड गेली खड्ड्यात. वाडीत, आपल्या घरी. तिथं मरू दे मला."

वाडीत राहायला बंदी होती. पण जाणाऱ्या माणसाला दरडीची भीती कुणी आणि काय म्हणून घालायची? चंद्रभागेने पदर खोचला. या एका वेळेला तरी कुणाला कुठे हलवायचं ते ती ठरवणार होती.

"मुंबई नको. आमी घरी नेताव," तिने श्रुतिकेला सांगितलं.

"आजी, मग जबाबदारी तुमची हं."

"माझीच हाय गो बाय. आजवर कुणाची होती?"

शेडीतल्या शेजारचा किशोर टेम्पो घेऊन आला. भिकूला मागे झोपवल्यावर त्याने तिला बाजूला घेतलं. "काकी, तिथं काय उरलंय? दार, वासे, कौलं, समदं दीपकदादाने उन्हाळ्यात उतरवून इकलं ना? काकांना ठाव हाय का?"

"नाय. सांगू नको. भिंती हायत, जोता हाय. ओळखतील ते."

रस्ता संपला तिथून किशोरने भिकूला पाठुंगळी घेतलं. चंद्रभागा पुढे धावली. चुलीवर गवत माजलं होतं. तिने ओटीवरचा पालापाचोळा पदरानेच लोटला आणि गोधडी अंथरली. किशोरने भिकूला अलगद निजवलं. झऱ्याचं पाणी तिने त्याच्या तोंडात घातलं. ते त्याने गिळलं, तेव्हा तिला वाटलं, जिंकलो. एवढं एक तरी मनासारखं झालं.

भिकूने भिंती पाहिल्या. वर उघडं आभाळ पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला.

"हे कुणाचं घर हाय गो?"

"आपलंच, अवो. बघा तरी नीट."

"आपल्या घराला दार हाय," तो समजूत घातल्यासारखा म्हणाला. मग त्याने तिचा हात धरला. "मानसं येतील, रागावतील. आपण घरी जाऊ. अंधार पडायच्या आत निघू."

किशोर पाठ फिरवून खाली उतरायला लागला. आता कुठे न्यायचं याला? नेण्यासारखी जागाच उरली नव्हती.

"व्हय, निघू," ती म्हणाली. "जरा पडा तवर."

डोंगराकडून गार वारा सुटला होता. तिने गोधडीचं टोक त्याच्या पायांवर ओढलं आणि दाराच्या मोकळ्या जागेत, वाऱ्याला पाठ देऊन, ती जाऊन बसली.